बुगरोचा फुटका घडा, कुळागराचा उजेड : एका कॉपीचं प्रकरण

केस अशी आहे. फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, साठी ओलांडलेली, गावात सगळे नुसतं बाई म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणतो. हात मुळात चांगला. शाळेत असताना फळ्यावरची चित्रं, गावातल्या नाटकांचे पडदे, चवथीला गणपतीच्या मागची भिंत, हे सगळं वर्षानुवर्षं केलेलं. पण ते सगळं पोस्टर कलर नाहीतर डिस्टेंपर. ऑइलला कधी हात लावला नव्हता. रिटायर झाल्यावर मुलाने ईझल आणून दिलं, रंग आणले, आणि बाईंनी ठरवलं की शिकायचं तर जुन्या मास्टरची कॉपी करून शिकायचं, आणि निवडलं काय तर बुगरोचं ‘फुटका घडा’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम बुगरो, फ्रेंच, 1825 ते 1905, पॅरिसच्या अ‍ॅकॅडमिक, म्हणजे कला-अकादमीच्या काटेकोर पद्धतीने रंगवणाऱ्या चित्रकारांमधलं एकदम वरचं नाव. हे चित्र 1891 चं, सध्या सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये असतं. विहिरीच्या दगडी बांधकामाशी एक अनवाणी पोर बसलीय, हात एकत्र धरलेत, पायाशी फुटलेला घडा, आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. बाईंना का आवडलं ते विचारायची गरज पडली नाही, वर्गात काहीतरी फोडून असंच बघणारी पोरं त्यांनी आयुष्यभर सांभाळलीत.

आता कॉपी करून शिकणं यावर लोकांचे दोन टोकाचे मतप्रवाह असतात. एक म्हणतो कॉपी म्हणजे चोरी, स्वतःचं काहीतरी कर. दुसरा म्हणतो गुरू करतोय तसं डोळे झाकून करत जा, आपोआप येईल. मला दोन्ही पटत नाहीत. बुगरो स्वतः 1850 चं प्री द रोम, म्हणजे विद्यार्थ्याला शिकायला रोमला पाठवणारं फ्रेंच बक्षीस, मिळवून रोमला गेला तेव्हा तिथे त्याने राफाएलच्या गॅलाटियाची कॉपी केली, कारण सरकारी पैशावर रोममध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याने कॉपी करून घरी पाठवणं हा अभ्यासाचाच भाग होता. शार्ल बार्ग आणि जेरोम यांनी 1860 च्या दशकात ड्रॉइंगच्या कोर्सच्या प्लेट्स काढायला सुरुवात केली त्या तर फक्त कॉपी करण्यासाठीच होत्या, आणि व्हॅन गॉगने त्या गिरवल्या, जो पुढे अजिबात अ‍ॅकॅडमिक झाला नाही. तेव्हा कॉपीने हात मरतो वगैरे भीती नको. प्रश्न एवढाच की कॉपी नेमकी कशाची करायची. बाईंच्या केसमध्ये सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

मी पहिल्यांदा कॅनव्हास बघितला तेव्हा पावसाळा अर्धा होऊन गेला होता. ड्रॉइंग बरोबर होतं. ग्रिड टाकून काढलेलं, डोकं, खांदा, गुडघा, पाऊल सगळं जागच्या जागी. पण चित्र मेलेलं. चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर खडूसारखा पांढरा, गालाची सावली काळपट, आणि एकूण कातडी अशी लाल की पोरगी तापाने फणफणलीय असं वाटावं. बाई म्हणाल्या, “अरे पण लॅपटॉपवर अगदी असाच दिसतो, मी ठिपका ठिपका लावून मॅच केलाय.” आणि खरंच, त्यांनी प्रत्येक शेड नाइफवर घेऊन स्क्रीनच्या शेजारी धरून जुळवलेली. मेहनत बघून वाईट वाटलं.

इथे आपण थांबू, कारण खरी गंमत खोलीत होती.

बाईंची रंगवायची खोली घराच्या मागच्या बाजूला, मोठी खिडकी, बाहेर कुळागर, म्हणजे आमच्या गोव्यातली बागायत. पोफळी, केळी, मिरवेली, मधे एखादा फणस. पावसाळ्यात तर नुसतं हिरवं. खिडकीतून जो उजेड आत येतो तो आकाशाचा कमी आणि पानांवरून आलेला जास्त, आणि तो हिरवट असतो. आपल्याला तो हिरवट दिसत नाही, डोळा पाच मिनिटांत सवय करून घेतो आणि पांढरा कागद पांढराच वाटतो. पण कॅनव्हास त्याच उजेडात उभा आहे, आणि लॅपटॉपची स्क्रीन मात्र स्वतःच्या उजेडाने पेटलेली, तिला कुळागराशी काही देणंघेणं नाही. म्हणजे बाई तुलना करत होत्या त्या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या उजेडात होत्या. स्क्रीनच्या मानाने रंग हिरवट वाटायचा म्हणून त्या लाल घालायच्या, अजून लाल, अजून, मग जुळला की समाधान. शिवाय स्क्रीन पावसाळी खोलीपेक्षा किती तरी जास्त झगझगीत, त्यामुळे उजेडाचा भाग कधी पुरेसा उजळ वाटायचाच नाही, मग पांढरा घाल. लाली आणि खडू, दोन्ही रोग एकाच जागेवरून आले होते.

हे पटवायला मी काही लेक्चर दिलं नाही, लेक्चर देणं बाईंचा प्रांत. पाऊस थांबला तसा कॅनव्हास उचलून पुढच्या अंगणात आणला, मोकळ्या आकाशाखाली. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “ईश्श, ही तर भाजलीय.” मग आत जाऊन खिडकीपाशी पांढरा कागद धरून मोबाईलने फोटो काढला, व्हाइट बॅलन्स फिक्स करून, म्हणजे फोनने रंग आपोआप सुधारू नयेत म्हणून, आणि तोच कागद अंगणात धरून परत काढला. दोन फोटो शेजारी ठेवले, आतला कागद सरळ सरळ पोपटी झाक मारतोय. एवढं पुरलं.

उपाय सोपा होता. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर जाड काळं कापड, म्हणजे झाडांचा उजेड तुटला आणि वरून आकाश तेवढं आलं. युरोपातल्या स्टुडिओत खिडकी उंच आणि उत्तरेकडे का असते ते आपण पुस्तकात वाचतो आणि सोडून देतो, कारण ती तिकडची गोष्ट वाटते, पण सरळ ऊन नको आणि खालून उसळलेला रंगीत उजेड नको हे दोन्ही मुद्दे गोव्यात तर जास्तच लागू. इथे मागच्या बाजूला पानं असतात आणि पुढच्या बाजूला लाल चिऱ्याचं अंगण, त्यामुळे मागच्या खोलीत हिरवा नि पुढच्या खोलीत तांबूस. रात्री काम करायचं तर 5000 केल्व्हिनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरचा एलईडी, आणि तो कॅनव्हासवर आणि पॅलेटवर दोन्हीकडे सारखा पडला पाहिजे.

आणि लॅपटॉप बंद. म्युझियमची मोठी फाइल फोटो लॅबमध्ये फोटो पेपरवर प्रिंट करून आणली आणि ईझलवर कॅनव्हासच्या अगदी शेजारी चिकटवली, म्हणजे दोन्हींवर उजेड एकच. प्रिंटचे रंग मूळ चित्रासारखे नसतात हे मान्य, पण शिकण्यासाठी नमुना अचूक असण्यापेक्षा तुलना प्रामाणिक असणं जास्त महत्त्वाचं. एकाच चित्राच्या इंटरनेटवर दहा फाइली असतात नि दहाही वेगवेगळ्या, एक पिवळी, एक निळी, त्यातली खरी कुठली यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

हे झाल्यावर दुसरा मुद्दा पुढे आला, जो उजेडाने सुटणारा नव्हता. दोन्हींचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. बुगरोच्या पोरीच्या चेहऱ्यावर उजेडाची जी बाजू आहे ना, कपाळ, गाल, नाक, हनुवटी, ती सगळी मिळून राखाडीच्या अगदी छोट्या पट्ट्यात बसते. गालाची गोलाई तुम्हाला दिसते खरी, पण ती अंधार घालून आणलेली नाही, किंचित थंड, किंचित कमी उजळ, बास. बाईंच्या चेहऱ्यात तेवढ्याच जागेत पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं. म्हणजे हाफटोन, उजेड आणि सावली यांच्या मधल्या छटा, सावलीत गेलेले. अ‍ॅकॅडमिक चित्राचा जो कणा आहे तो हाच, की उजेडातला सगळा गट एकीकडे, सावलीतला सगळा गट एकीकडे, आणि हाफटोन हा उजेडाच्या घरचा. सावलीतला सर्वात उजळ भाग हा उजेडातल्या सर्वात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. हे एक वाक्य पाळलं तर अर्धं चित्र आपोआप उभं राहतं, आणि नाही पाळलं तर कितीही फॅन ब्रश फिरवा, फक्त साबण मिळेल.

फॅन ब्रशवरून आठवलं. माझं स्पष्ट मत आहे की ऑइल शिकायला पहिलं चित्र म्हणून बुगरो घेऊ नये. तो कामाच्या सगळ्या खुणा पुसून टाकतो. त्याने आधी स्केच केले, हात-डोकी-कपडे यांचे वेगळे अभ्यास केले, छोटं ऑइल स्केच केलं, पूर्ण मापाचं कार्टून, म्हणजे कागदावरचं तयारीचं ड्रॉइंग, काढून कॅनव्हासवर उतरवलं, मग पातळ रंगात पहिला थर, मग वरचं काम. शेवटी जे दिसतं त्यात यातलं काहीच दिसत नाही. नवशिक्याला वाटतं की गुळगुळीतपणा हीच करामत आहे आणि तो सुरुवातच गुळगुळीत करण्यापासून करतो. बाईंनी तेच केलं, कोऱ्या कॅनव्हासवर डाव्या डोळ्यापासून सुरू करून पूर्ण फिनिश करत खाली आल्या. कॉपी वरच्या सालीची झाली, कामाची झाली नाही.

मग पर्याय काय, तर जवळ जाऊन बघता येईल असं काहीतरी. बुगरो बघायला सॅन फ्रान्सिस्कोला कोण जाणार. पण पणजीत फाँतेन्यासला फुंदासाँव ओरिएंतमध्ये त्रिंदादची चित्रं आहेत, आणि मला नेहमी आश्चर्य वाटतं की गोव्यातले चित्रं काढणारे कित्येक जण तिथे कधी गेलेलेच नसतात. आंतोनियो शावियेर त्रिंदाद, जन्म 1870, आपल्या सांग्याचा, मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवलं, 1935 ला गेला. लोक त्याला पूर्वेचा रेम्ब्रां म्हणायचे. त्याची मुलगी आंजेला पण चित्रकार. बाईंना बसने नेलं. नेताना बाईंचा सूर असा की “माझं चित्र वेगळं, हा वेगळा, ह्याचा काय उपयोग.” पण शाळा तीच, रंगवायची पद्धत त्याच घराण्याची, आणि मुख्य म्हणजे समोर खरा रंग आहे, पिक्सेल नाहीत.

तिथे मी त्यांना चित्रासमोर उभं नाही केलं, बाजूला उभं केलं. जुनं तैलचित्र कडेने बघायचं, म्हणजे उजेड तिरका लागतो आणि रंगाची जाडी दिसते. समोरून माणूस दिसतो, बाजूने काम दिसतं. सावलीत रंग इतका पातळ की कापडाचं विणकाम जाणवतं, आणि जिथे उजेड आहे, कपाळ, कपड्याची घडी, तिथे रंग अंगाने जाड. केसांची कड पार्श्वभूमीत विरघळलेली, आणि त्याच डोक्याची दुसरी बाजू धारदार. बाई बराच वेळ एका पोर्ट्रेटच्या कानापाशी अडकल्या, कारण तिथे कान जवळजवळ काढलेलाच नव्हता, दोन ठिपके आणि एक उबदार डाग, पण चार पावलं मागे आलं की कान. पहारेकऱ्याने एकदा हटकलं, फार जवळ जाऊ नका म्हणून. बरोबरच आहे त्याचं.

असं बघून शिकणं आपल्याकडे नवं नाही. रवी वर्म्याबद्दल सांगतात की 1868 ला त्रावणकोरच्या दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन पोर्ट्रेट काढायला आला, तो शिकवायला काही तयार नव्हता, पण रंगवताना बघायला दिलं. त्या पोराने काय बघितलं असेल? चित्र तर कुठल्याही छापील प्रतीत दिसलं असतं. त्याने बघितला तो क्रम. आधी काय, नंतर काय, कुठला रंग पातळ, कुठे थांबला.

परत आल्यावर ठरलं की पूर्ण चित्र बाजूला. त्या पोरीचे एकत्र धरलेले हात आणि पायाजवळचा घडा, एवढेच दोन तुकडे, छोट्या कॅनव्हासवर, आणि चेहरा अजिबात नाही. चेहऱ्यात माणूस सारखं साम्य शोधत बसतो नि रंगाकडे लक्ष राहत नाही. ड्रॉइंग ट्रेस करा म्हटलं तर बाईंना ते लबाडी वाटली. म्हटलं बुगरो स्वतः कार्टूनवरून उतरवायचा, तुमचं ड्रॉइंग येतंच आहे, आता परीक्षा दुसऱ्या विषयाची आहे.

कॅनव्हासवर आधी रॉ अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, पातळ हात, पांढरेपणा मारायला. कोऱ्या पांढऱ्यावर कुठलाही रंग गडदच वाटतो, मग माणूस घाबरून सगळं फिकं ठेवतो. त्यावर फक्त अंबरमध्ये सावल्यांचा गट भरायचा, उजेड म्हणजे चिंधीने पुसून काढलेली जागा. पाऊस अजून चालूच होता, आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट. ऑइल पाण्यासारखं उडून सुकत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून दमट, अंधाऱ्या, बंद खोलीत ते रेंगाळतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पण अंबरमध्ये मँगनीज असतं आणि ते सुकायला मदत करतं, त्यामुळे अंबरचा थर पावसातही लवकर हाताला कोरडा लागतो. याउलट आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन म्हणजे नुसते आळशी. बाईंनी पहिल्या चित्रात सावलीत आयव्हरी ब्लॅकमध्ये भरपूर तेल घालून तो खाली लावला होता आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेले थर, म्हणजे नियमाच्या बरोबर उलटं. खाली कमी तेल, वर जास्त तेल, नाहीतर वरचा थर आधी आवळतो नि पुढे तडे जातात. शिवाय काळ्या जागा सुकून मॅट झालेल्या, मॅट झाल्या की फिकट दिसतात, म्हणून त्यांनी त्यावर अजून काळा चढवला. तिथे काळा नको असतो, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात लावून कापडाने जवळजवळ सगळा पुसून काढायचा, रंग परत खोल दिसतो. आणि हो, त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, खरंच घेतात, पाण्याच्या डब्यात टाका.

वरच्या थराला पॅलेट मुद्दाम गरीब ठेवलं. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, रॉ अंबर, थोडा अल्ट्रामरीन. फ्लेश टिंटची ट्यूब मी उचलून कपाटात टाकली. काम सुरू करायच्या आधी नाइफने उजेडाच्या चार पायऱ्या आणि सावलीच्या दोन, पॅलेटवर ओळीने मिसळून ठेवायच्या, आणि रंगवताना नवीन काही मिसळायचं नाही. बाईंना हे लगेच जमलं, पाढे लिहिल्यासारख्या ओळी मांडल्या. बोटांमधल्या फटी त्यांनी आधी तपकिरी काळ्या केल्या होत्या, आता प्रिंटकडे डोळे बारीक करून बघितल्यावर कळलं की तिथे काळं काही नाही, उबदार लालसर अंबर आहे. तो एक बारीक स्ट्रोक टाकला, पुसला नाही, आणि चित्रातल्या हातात पहिल्यांदा रक्त आलं. बाई ब्रश खाली ठेवून म्हणाल्या, “हे आधी का सांगितलं नाहीस?” मी काही बोललो नाही, आधी मी तिथे होतोच कुठे.

घडा मात्र तितका जमला नाही. फुटलेल्या कडेची जाडी दाखवायला दोन व्हॅल्यू (फिक्या-गडदपणाच्या पायऱ्या) लागतात, कडेचा वरचा काठ आणि आतला अंधार, आणि प्रिंटमध्ये तो भाग एवढासा की काही कळेना. मग बाईंनी स्वतःच शक्कल लढवली. डिचोलीच्या कुंभाराकडचा एक जुना मातीचा घडा होता, काठाला आधीच गेलेला, तो फोडून जमिनीवर तसाच मांडला, काळ्या कापडाच्या वरच्या उजेडात, आणि बुगरोचा क्रम तसाच ठेवून समोर बघून रंगवला. सुनेने घडा फोडला म्हणून थोडी कटकट केली ते वेगळं. त्या तुकड्यात जो मातीचा पोत आला तो कॉपीत आला नव्हता, आणि त्यानंतर परत कॉपीकडे गेल्यावर बुगरोने त्या कडेला काय केलंय ते त्यांना दिसायला लागलं. मला विचाराल तर कॉपी आणि समोरची वस्तू यात अशी ये-जा करणं हाच सगळ्यात फायद्याचा भाग, एकटी कॉपी माणसाला दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर जगायला शिकवते.

सगळं सुटलं असं नाही. पावलं अजून लाकडी आहेत. कडा हरवणं बाईंना मानसिक जड जातं, शाळेत चाळीस वर्षं रेषा ठसठशीत काढा असं शिकवल्यावर आता रेषा पुसायला हात धजत नाही, जिथे तिथे आउटलाइन परत येते. मोठा कॅनव्हास भिंतीला लागून ठेवला होता त्याला मागून बुरशी धरली, तो आता भिंतीपासून हातभर लांब, पंख्याच्या वाऱ्यात असतो. ओल कमी झाली की मागची बाजू कोरड्या ब्रशने साफ करायची आहे. त्या चेहऱ्यावर परत काम करायचं की तसाच ठेवायचा यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणतो ठेवा, तुलनेला उपयोगी पडेल. बाई म्हणतात भाजलेली पोरगी घरात नको.

छोट्या कॅनव्हासला व्हार्निश आत्ता नाही. पातळ असला तरी तैलरंगाला निदान सहा महिने द्यायचे आणि पावसाळ्यात लावायचं नाही, म्हणजे बाईंच्या हिशोबाने शिगम्याच्या (होळीच्या) आसपास. तोपर्यंत चित्र कपाटात बंद करून ठेवू नका असं सांगितलंय, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उजेडात आलं की बरंचसं परत येतं. मागच्या बाजूला बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून टाकलंय, बुगरोवरून, आणि खाली स्वतःची सही.